हिलारिओ काल्मोचा उजवा हात

हिलारिओ काल्मोचा उजवा हात धडधाकट होता, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या गावात त्या हाताबद्दल जो उठला तो काहीबाही बोलला. त्याच हाताने तो कुऱ्हाड चालवायचा, मक्याची कणसं सोलायचा, बटाट्याची गोणी एका हिसक्यात खांद्यावर घ्यायचा. काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला त्या हातात कधी हिंदकळला नाही. फक्त मारिंबापुढे उभा राहून दोन काठ्या त्या हातात धरल्या आणि वाजवायला लागला, की थोड्या वेळाने बोटं आपोआप आत वळायची. मूठ आवळायची, काठ्या एकमेकींवर आपटायच्या आणि सूर तिथल्या तिथे मरायचा. आता असलं दुखणं कुणाला पटणार? हात शेतात चालतो आणि वाजवताना चालत नाही, याला लोक दुखणं म्हणतच नाहीत. ढोंग म्हणतात. नाहीतर दारू म्हणतात.

काल्मोंची मारिंबा म्हणजे तीन माणसांची. एकाच लांबलचक लाकडी पट्ट्यांच्या वाद्यापुढे तिघं खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. डाव्या टोकाला थोरला भाऊ बेनितो, जाड सुरांवर. उजव्या टोकाला चुलतभाऊ देसिदेरिओ, बारीक सुरांवर. चाल त्याच्याकडे, त्यामुळे लग्नात पोरी त्याच्याकडे बघायच्या. आणि मधे हिलारिओ. मधल्याचं काम कुणाला ऐकू येत नाही. तो नुसता भरत राहतो, विणत राहतो. पण तो थांबला की दोन्ही टोकं उघडी पडतात, आणि मग लोक इकडेतिकडे बघायला लागतात की काय झालं म्हणून.

हे काम त्यांच्या बापाने, ताता फाउस्तिनोने शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, पोराच्या पाठीमागे उभं राहायचं, दोन्ही मनगटं धरायची आणि पोराच्या हातांनी आपण वाजवायचं. दिवसच्या दिवस. कुठली पट्टी, किती वेळा, असलं तोंडाने सांगायची पद्धतच नव्हती. ज्याची जागा त्याच्या हातांना ठाऊक. बेनितोला विचारा मधे काय वाजतं, तो खांदे उडवणार. खुद्द हिलारिओला विचारलं तरी तो गुणगुणायला लागला की देसिदेरिओचीच चाल तोंडात यायची. त्याचं स्वतःचं वाजवणं त्याच्या तोंडाला कधी माहीतच झालं नव्हतं.

काल्मोंच्या सगळ्या चालींत एक चाल वेगळी. तिला घरात ‘बोलावणं’ म्हणायचे. वर्षातून एकदाच, सर्व संतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, कबरस्तानात वाजवायची. एरवी नाही, कुणा पाहुण्यासाठी नाही. आणि मधेच तुटली तर मधून उचलायची नाही, पहिल्यापासून सुरू करायची. नाहीतर निघालेला मेलेला माणूस अर्ध्या वाटेवर चुकतो. एकदा राजधानीतून एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. ताता फाउस्तिनोने त्याला काठी घेऊन बसच्या थांब्यापर्यंत पळवला होता. गाव तेव्हा पोट धरून हसलं. मीसुद्धा हसलो. आज वाटतं, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी दोन घटका धरून ठेवायला हवं होतं.

आता हे सगळं एवढं कशाला जिवाला लावून घ्यायचं, असं तुम्हाला वाटेल. तर लासारोसाठी. लासारो हिलारिओचा थोरला मुलगा. सतरा वर्षांचा होता, तेव्हा एका सकाळी लष्कराचा ट्रक आला, आणि गावातली सहा पोरं त्यात बसवून नेली. ती गेली ती गेलीच. प्रेत नाही, हाड नाही, कबर नाही. ज्यांना कबर आहे ते त्या दिवशी आपापल्या कबरीवर येतात, बसतात, घरच्यांनी आणलेलं खातात. ज्याला कबरच नाही त्याने कुठे यायचं? पेत्रोना, हिलारिओची बायको, दर वर्षी सासऱ्याच्या कबरीशेजारी एक ताट लासारोच्या नावाने मांडायची. आणि बोलावणं वाजलं की तो येतो, असं ती म्हणायची. शपथेवर म्हणायची. चौदा वर्षं ती त्या एका दिवसावर जगली.

लष्कर आणि बंडखोरांमधली लढाई संपल्याच्या सह्या व्हायच्या होत्या, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते घडलं. कबरीवर झेंडू पसरले होते, मेणबत्त्या लागल्या होत्या, पायाखाली देवदाराची पानं. तिघांनी बोलावणं सुरू केलं आणि जिथे चाल गर्रकन वळसा घेते, तिथे हिलारिओची मूठ आवळली. काठ्या खटकन आपटल्या. पहिल्यापासून सुरू केलं, त्याच जागी पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर वळसा यायच्या आधीच बोटं आत गेली.

“कमी ढोसायची होती सकाळी,” बेनितो दातांत म्हणाला.

“थेंब नाही घेतला, दादा. आईशप्पथ.”

“मग हात काय बायकोकडे ठेवून आलास?”

आजूबाजूचे हसले. मग हसायचेही थांबले आणि आपापल्या कबरींकडे गेले. पेत्रोनाने लासारोचं ताट उचललं. त्यातली मक्याची भाकरी तशीच होती, घेवडा तसाच होता. घरी जाताना वाटेत फक्त एवढंच म्हणाली, “आला नाही तो.”

हिलारिओला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे महिने त्याने जे जे लोकांनी सांगितलं ते ते केलं. डोंगरापलीकडच्या वैदूने हातावरून अंडं फिरवून फोडलं आणि कुणीतरी जळतंय तुझ्यावर म्हणाला. देसिदेरिओच्या बायकोने गरम राखेत हात पुरायला लावला. पाद्र्याने पाणी शिंपडलं. मार्चमध्ये एका लग्नात तो नुसता ऐकायला गेला होता. दुसऱ्या गावचे लोक वाजवत होते, चाल त्याच्या हातातली, हजार वेळा वाजवलेली. तिचा वळसा आला आणि खिशात ठेवलेला हात आपोआप आवळला. काठी नाही, मारिंबा नाही, नुसतं ऐकून! जेवण तसंच टाकून तो घरी आला आणि पेत्रोनाला म्हणाला, “हा हात आता माझा राहिला नाही गं.”

शेवटी तो वेवेतेनांगो शहरातल्या दवाखान्यात गेला. तिथे राजधानीहून महिन्यातून एकदा येणारी एक डॉक्टरीण होती, नसांची आणि मेंदूची. गोळ्या लिहून देऊन मोकळी होईल असं त्याला वाटलं होतं, पण ती खुर्ची ओढून समोर बसली.

“टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा, दॉन हिलारिओ.”

त्याने वाजवलं. कुठलीतरी लग्नातली चाल. बोटं सुरळीत चालली. वळसा आला, गेला. त्याला स्वतःलाच धक्का बसला.

मग तिने त्याच्या हातात दोन पेन्सिली दिल्या. “आता या काठ्या समजा.” तो मोजून पंधरा ठोके गेला आणि पेन्सिली एकमेकींवर आपटल्या.

“हात ठीक आहे तुमचा,” ती म्हणाली.

“हे मला ठाऊक आहे, बाई. गावाला जाऊन सांगा.”

ती हसली. मग तिने त्याला नीट समजावलं. “चालताना तुम्ही एकेक पाऊल ठरवून टाकता का? नाही ना. वाजवण्याचंही तसंच. आधी माणूस एकेक हालचाल विचार करून करतो. हजार वेळा केली, की मेंदूत खोल आत जी जागा असते ती त्या सगळ्या हालचालींची एक मोळी बांधते. मग तुम्ही नुसतं ‘चल’ म्हणायचं. पहिली सुटली की तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. त्या जागेचं आणखी एक काम असतं. ज्या बोटांची पाळी नाही त्यांना ती गप्प बसवते. तुमचं हे गप्प बसवणं बिघडलंय. एका बोटाला हाक मारली की शेजारची सगळी धावून येतात.”

“म्हणजे बांध फुटलेत,” हिलारिओ म्हणाला. “माझ्या वाफ्याचं पाणी शेजारच्या वाफ्यात.”

“अगदी तसंच. आणि तेही फक्त त्या एका कामात. कुऱ्हाडीचे बांध शाबूत आहेत.”

“कशाने फुटले?”

“फार वाजवलंत म्हणून. चाळीस वर्षं तेच, तेवढंच, तसंच. सगळ्यांना होत नाही, पण तुम्हाला झालं.”

“म्हणजे आळशी असायला हवं होतं. भावाला सांगतो, तो खूश होईल.” मग त्याने विचारायचं ते विचारलं. “नोव्हेंबरच्या आत बरा होईल?”

“नाही, दॉन हिलारिओ. राजधानीत इंजेक्शन देतात, काहींना थोडा गुण येतो. अगदी हळूहळू, नव्याने शिकून काहींचा हात सुटतो. पण त्याला वर्षं लागतात.”

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर माणसांची रांग होती, कुणाचं तरी मूल रडत होतं. मग तो म्हणाला, “बोलावण्यात वळशाच्या पुढचं जे आहे, ते माझ्या डोक्यात आहे ना अजून? की तेही गेलं?”

“आहे की. अख्खं आहे.”

“मग काढा की ते बाहेर! मला हात नको. ते काढून द्या, दुसऱ्या कुणालातरी द्या.”

डॉक्टरणीने मान खाली घातली. एवढी शिकलेली बाई, नुसत्या पेन्सिली गोळा करत राहिली.

बसमध्ये परत येताना त्याने ठरवलं की बासिलियाला शिकवायचं. बासिलिया त्याची धाकटी, एकोणीस वर्षांची. माग कमरेला बांधून दिवसभर विणणारी, मोजक्या बोलण्याची मुलगी. दुसरं होतंच कोण? बेनितोचे दोन्ही मुलगे सीमा ओलांडून उत्तरेला गेलेले, देसिदेरिओला मूलच नाही.

“पोरीच्या हातात काठ्या?” बेनितो खवळला. “ताता कबरीतून उठून येईल.”

“येऊ दे. यायलाच तर बोलावतोय आपण,” हिलारिओ म्हणाला.

“अरे, मधे काहीतरी भरायला सांग ना तिला. ठेका धर म्हणावं. मेलेल्यांना काय कळतंय?”

“तुला एखाद्याने दुसऱ्याच नावाने हाक मारली तर येशील का तू?”

बेनितो फणकारला. पण मारिंबा हिलारिओच्या घरी न्यायला त्याने मदत केली, तोंड वाकडं करत का होईना.

मग सुरू झाली ती खरी यातना. बोलावणं एरवी वाजवायचं नाही हा नियम मोडला, पेत्रोनाने त्यासाठी मेणबत्ती लावून सासऱ्याची माफी मागितली. हिलारिओ मुलीच्या मागे उभा राहिला, बापासारखी तिची मनगटं धरली. वळशापर्यंत सगळं छान. वळसा आला की त्याची बोटं तिच्या मनगटात रुतायची. तिचा हात काळानिळा पडला तरी ती हूं की चूं करायची नाही. मग हळू वाजवून पाहिलं. हळू केलं की हातांना वाटच आठवायची नाही. ते त्या वेगातच चालणारे. मग वळशाच्या पुढून सुरू करून पाहिलं. तिथे तर काहीच नव्हतं, कोरी भिंत. डावा हात चांगला होता, पण उजवा अडला की तोही अडायचा, जोडीतला एक बैल बसल्यासारखा. टेबलावर चालतं म्हणून टेबलावर वाजवलं, तर ठेका दिसायचा पण पट्टी कुठली ते कळेना. म्हणून बासिलियाने खडूने टेबलावर पट्ट्या आखल्या, हुबेहूब. पट्ट्या दिसल्या मात्र, बोटं आत.

“ओळखतो मेला,” हिलारिओ हाताकडे बघून म्हणाला. “फसत नाही.”

ऑगस्ट गेला. सप्टेंबर अर्धा गेला. त्याने दाढी करणं सोडलं, शेतात तण माजलं. एका दुपारी मुलीवर खेकसला. “तुझ्या हातात जीवच नाही! लाकूड आहेस लाकूड!” ती काठ्या खाली ठेवून उठून गेली. मग त्याने काय केलं, तर कोयता घेतला, उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि डाव्याने कोयता उगारला. पेत्रोना चुलीपाशी होती. तिने येऊन त्याच्या दंडाला अशी मिठी मारली की दोघं धाडकन खाली पडली.

“तोडतोस? तोड!” ती किंचाळली. “माझं पोर त्या हातात अडकलंय. त्यालाही तोड!”

कोयता बाजूला पडला. दोघं उंबऱ्यात बसून रडली. मी शेजारी राहतो. मी कुंपणापाशी उभा होतो आणि आत जायची माझी हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बासिलिया ओसरीवर विणत होती. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. हिलारिओ तिच्या पाठीमागे ठेंगण्या स्टुलावर बसला. माफी मागायची होती, पण आमच्याकडे बाप मुलीची माफी तोंडाने मागत नाही. त्याने तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. ती विणतच राहिली. आणि कसं कोण जाणे, त्याची बोटं चालायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं म्हणजे दोन काठ्या. बोलावण्याची पहिली ओळ, दुसरी ओळ.

तिचे हात थांबले. “ताता,” ती म्हणाली, “थांबू नका.”

वळसा आला. बोटं वळली नाहीत. वळसा गेला, आणि त्याच्या पुढचं, वर्षभर न आलेलं, अख्खं सुटत गेलं, खांद्यापासून खांद्यापर्यंत, शेवटच्या ठोक्यापर्यंत. हिलारिओचं तोंड उघडंच राहिलं. बासिलिया मागे न वळता रडत होती.

“समजलं का तुला?”

“ठोके समजले. जागा... ताता, माझ्या विपिलवर पट्टे आहेत. बोटं कुठल्या पट्ट्यावर पडतात ते आईला सांगता येईल.”

तिच्या अंगातला विपिल, म्हणजे बायका घालतात ते सैल पोलकं, तिनेच विणलेला. पाठीवर उभे पट्टे, तांबडा, जांभळा, काळा, हिरवा, पुन्हा तांबडा. त्यांनी ठरवलं की डाव्या खांद्याकडचा पहिला तांबडा ही अमुक पट्टी, तिथून क्रमाने पुढे. दुसऱ्या सकाळी हिलारिओने डोळे मिटून पुन्हा वाजवलं आणि पेत्रोना शेजारी गुडघे टेकून रंग पुकारू लागली. “तांबडा, तांबडा, हिरवा, काळा, अगं बाई किती पळतोस रे, जांभळा, जांभळा!” बासिलिया तिच्यामागे पुटपुटत होती. तिसऱ्या सकाळी पुन्हा. तोवर मायलेकींना सगळं पाठ झालं होतं. वर्षात पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हसलं.

फक्त एक ठोका राहिला. वळशाच्या तोंडाशी, अगदी चाल वळते तिथला. पेत्रोना म्हणे जांभळा. बासिलिया म्हणे, “मला काळ्यावर लागला, आई.”

“मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या पाठीला डोळे आहेत का?”

“बायांनो, एकदा परत घेतो,” हिलारिओ म्हणाला. त्याने हात ठेवले, सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला बोटं आत वळली आणि तिच्या विपिलचे धागे मुठीत धरून बसली. पेत्रोनाने एकेक बोट सोडवलं. त्या दिवशी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाही म्हणजे नाही. हाताला पाठ कळली होती.

जांभळा की काळा? मारिंबावर दोन्ही पट्ट्या एकेकदा ठोकून पाहिल्या. बेनितो म्हणाला दोन्ही बसतात. देसिदेरिओ म्हणाला एवढ्याशा ठोक्याने काय होतंय. हिलारिओला विचारलं तर त्याने कपाळावर हात मारला. त्याच्या कानाला ते कधी माहीत नव्हतं. शेवटी आईचे डोळे खरे मानले. जांभळा ठरला.

ऑक्टोबरभर तिघांनी सराव केला. बासिलियाचे हात विणकरणीचे; एकदा बसलं की बसलं. बेनितोसुद्धा एकदा म्हणून गेला, “पोरगी बरी आहे.” त्याच्याकडून हे म्हणजे फारच झालं. हिलारिओ कोपऱ्यात उभा राहून ऐकायचा, हात खिशात. आणि हात शांत असायचा. वळसा यायचा, जायचा, हात आपला मेंढरासारखा गरीब पडून. लोक म्हणाले, देवाने ऐकलं, बरा व्हायला लागला. पेत्रोनाने मेणबत्ती लावली.

हिलारिओला मात्र आनंद होईना. सगळं बरोबर होतं, ठोका ठोक्याला, आणि तरी हे ते नव्हतं. का नव्हतं, ते सांगता येत नव्हतं. घरच्याच माणसाने कुणा परक्याचे कपडे घालून यावं, तसं काहीतरी. सणाच्या आदल्या सकाळी तो झेंडूची टोपली घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, “वर्षभर मेलो रे मी, आणि हातात काय आलं तर बोलावण्यासारखं दिसणारं काहीतरी. उद्या ती ताट मांडेल आणि परत उचलेल. आणि त्याच्यापुढे काय? सांगणारा हातही आता उरला नाही.” मी म्हटलं, धीर धर. दुसरं काय म्हणणार? माझ्याजवळ तेवढंच होतं.

पहिल्या तारखेला ऊन स्वच्छ पडलं होतं. सगळं गाव कबरस्तानात. मधे मुलगी उभी राहिलेली बघून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, काही बायका पुढे सरकल्या. सासऱ्याच्या निळ्या कबरीशेजारी पेत्रोनाने ताट मांडलं, भाकरी, घेवडा, कॉफीचा पेला. हिलारिओ तिच्या बाजूला, मारिंबाकडे पाठ करून उभा राहिला. त्याला बघायचं नव्हतं.

बेनितोने मान हलवली. तिघं सुरू झाले. पहिली ओळ, दुसरी ओळ. हिलारिओ जमिनीवरच्या पानांकडे बघत होता. वळसा आला.

आणि खिशात त्याचा हात आवळला.

असा आवळला की नखं तळव्यात गेली, कोपरापर्यंत कळ गेली, तो कमरेतून वाकला. लोकांना वाटलं माणूस पडतोय. तो पडत नव्हता. तोंडाने हवा आत घेत, डोळे फाडून तो बायकोकडे बघत होता. मागे चाल थांबली नव्हती. वळसा घेऊन ती पुढे निघाली होती, आणि बासिलिया खाली मान घालून वाजवत होती. नंतर तिने मला सांगितलं, हात जांभळ्याऐवजी काळ्याच्या पट्टीवर गेला तो तिने ठरवून नेला नव्हता. पाठीला जिथे लागलं होतं तिथे तो आपला आपण गेला.

पेत्रोनाने नवऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. चौदा वर्षं दर नोव्हेंबरला ती त्या वाजवण्याशेजारी बसलेली बाई, सरावात गप्प पडलेला हात आज का आवळला हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिने तो हात खिशातून बाहेर काढला, वेडावाकडा, मूठ मिटलेली, तळव्यातून रक्त आलेलं. उघडायला गेली नाही. तसाच आपल्या दोन्ही हातांत धरला.

“दुखतंय?” तिने विचारलं.

“फार,” हिलारिओ म्हणाला. तो हसत होता आणि नाकातोंडातून पाणी वाहत होतं. “फार दुखतंय गं. तेच आहे. तेच!”

चाल शेवटच्या ठोक्यापर्यंत गेली आणि कुठेही न तुटता संपली. पेत्रोनाने एका हाताने ताट थोडं पुढे सरकवलं, कॉफीच्या पेल्यावर बसलेली माशी हाकलली, आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, “बस रे बाळा. किती उशीर केलास. गार होतंय सगळं.”